पांढरी चौकट आणि राजेळीची सुकेळी

राजेळी केळी पिकायला लागली की आमच्या घरातली हवा जड होत असे. तो वास नाकाने घेण्याचा नव्हेच. तो घशात उतरे, जिभेच्या मुळाशी जाऊन बसे, आणि मग माठातले साधे पाणीही दिवसभर गुळचट लागे. सोपाऱ्याहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची वाडी होती. पुढे पानवेलीचा मळा, मागे केळी, कुंपणाला नारळ, आणि मध्ये काकांचे बसके कौलारू घर. वडिलांची नोकरी बदलीची असल्याने मी शाळेपासून तिथेच, काका-काकूंपाशी वाढले.

दिवाळी सरून उन्हाला कोरडी धार आली की काकू सुकेळी घालायला घेई. ज्यांनी ती खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी सांगायला हवे, की सुकेळी म्हणजे नुसती वाळवलेली केळी नव्हेत. राजेळीचे घड पेंढ्यात दडपून पिकवायचे, साल काळसर पडली की हलक्या हाताने सोलायची, आणि कारवीच्या काठ्यांच्या मांडवावर एकेक केळे असे निजवायचे की शेजाऱ्याला त्याचा स्पर्श होऊ नये. दिवसभर ऊन आणि मधूनमधून कूस बदलणे. सूर्य कलला की सगळी गोळा करून केळीच्याच सुक्या पानांत गुंडाळायची, म्हणजे आतला रस रात्री हळूच वर झिरपतो आणि सकाळच्या उन्हाला पुन्हा काम उरते. असे कित्येक दिवस चालते. शेवटी केळे बोटाएवढे होते, मधाच्या रंगाचे. उजेडासमोर धरले तर आरपार पेटलेले दिसते. पण मध्येच आभाळ आले, हवा ओलावली, तर त्यावर आंबूस वास चढतो आणि मग ते गोठ्यातच जाते.

त्या वर्षीची सुकेळी नागपूरला जायची होती. काकूची एकुलती मुलगी, माझी चुलतबहीण, तिकडे दिलेली. तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली होती. पोटात काही ठरत नव्हते. वरणभात नको, भाकरी नको, नागपुरात राहून संत्र्याचा वासही नको. तिचा धाकटा दीर कामासाठी मुंबईला आला होता, तो वाकडी वाट करून आमच्याकडे आला आणि ओटीवर बसता बसताच म्हणाला, "वहिनींनी सांगितलंय, आईच्या हातची सुकेळी मिळाली तर खाईन. दुसरं काही नको." रविवारी रात्रीच्या गाडीने तो परत जायचा होता.

काकूने मांडवाकडे पाहिले. केळी आकसायला लागली होती, पण अजून बोटाला चिकटत होती.

"रविवारपर्यंत होतील," ती म्हणाली. "ऊन मिळालं तर होतील."

"एखादं आत्ता चाखून बघू का?" दिराने विचारले.

"नाय!" काका आणि काकू एकदमच म्हणाले. आमच्या घरची रीतच तशी होती. लेक गरोदर असली की मांडवावरचे पहिले तयार केळे तिच्या तोंडात जायचे, देवापुढेसुद्धा त्यानंतर. या रितीने खरे हाल होत काकांचे. संध्याकाळी केळी पानांत गुंडाळताना ते हात मागे बांधून बाजूला उभे राहत आणि नुसता वास घेत.

मी तेव्हा मुंबईच्या एका कचेरीत लागले होते. ऐंशीच्या दशकाची अखेरची वर्षे असतील. मराठी घेऊन मी बी. ए. झाले होते, वृत्ते आणि अलंकार यांपलीकडे मला फारसे काही येत नव्हते. पण माझे अक्षर वळणदार होते आणि त्या कचेरीला हवेचे तक्ते हाताने उतरवणारे कुणीतरी हवे होते. उत्तर-दक्षिण फिरणारा एक उपग्रह हवेतला ओलावा मोजी. त्याच्या मोजणीचे आकडे लांबच लांब कागदावर छापून येत आणि ते मी हिंदुस्थानच्या नकाशावर आखलेल्या चौकटींत भरी. कोरड्या हवेला फिकट पिवळी पेन्सिल, ओलीला निळी, फार ओलीला जांभळी. पेन्सिलीच्या टोकाखाली अरबी समुद्र हळूहळू जांभळा होत जाताना पाहणे, यासाठी कुणी मला पगार देते याचे मला रोज नवल वाटे. त्या पेन्सिलींना देवदाराचा वास येई आणि संध्याकाळी घरी आल्यावरही तो माझ्या बोटांना असे.

पण नकाशा पूर्ण कधीच भरत नसे. रोज कुठे ना कुठे पांढऱ्या चौकटींची एक उभी पट्टी राहून जाई, खाली रुंद आणि वर निमुळती, वेळूच्या पानासारखी. छापील कागदावर त्या जागी सगळे नऊच नऊ येत. नऊ-नऊ-नऊ याचा अर्थ, इथले काही ठाऊक नाही. आमच्या विभागाच्या प्रमुख बाई उंच, करड्या केसांच्या, आणि हसायला लागल्या की टेबल थरथरे अशा होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावले, "जिथे त्यानं पाहिलेलं नाही, तिथे तुम्ही काही भरायचं नाही. पिवळी पेन्सिलसुद्धा नाही. पूर्वी एका गृहस्थांनी या जागी शून्य लिहायला सुरुवात केली. महिन्याची सरासरी काढली तर काय? कोकणात वाळवंट! मी म्हटलं, चला, आता दापोलीला उंट पाळू."

"मग शेजारच्या चौकटी बघून अंदाजानं भरलं तर?"

"भरता येतं. पण मग तिथे ठिपके द्यायचे, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की हे शेजाऱ्याकडून उसनं आणलंय. उसन्याला आपलं म्हणायचं नाही."

मला ते फार आवडले. वृत्त शिकताना यतीची ओळख झाली होती: ओळीच्या मध्ये जिथे श्वास थांबतो, ती जागा. तिथे अक्षर नसते म्हणून ती रिकामी म्हणावी, तर तिच्यावाचून ओळ चालत नाही. रोजच्या नकाशातली ती पांढरी पट्टी मला तशीच वाटू लागली. फरक इतकाच, की वृत्तातली यती आपल्या ठरल्या जागी असते आणि ही मात्र रोज जागा बदले.

ती का राहते आणि का सरकते, हे मी बाईंकडून नीट समजावून घेतले आणि एका संध्याकाळी काकूला सांगायला बसले. काकू माजघरात केळीच्या सोपटाची दोरी वळत होती. कोपऱ्यात तांबडा भोपळा होता. मी तो पुढे ओढला.

"ही पृथ्वी."

"ह्याची उद्या भाजी हाय," काकू म्हणाली. "लवकर आटप."

मी दोरीचे टोक देठाशी धरले, दोरी पोटावरून खाली बुडाशी नेली, दुसऱ्या बाजूने पुन्हा देठाशी आणली. "असा तो फिरतो. देठावरून बुडाकडे, बुडावरून देठाकडे. आणि तो फिरत असतो तेव्हा भोपळाही गिरकी घेत असतो. त्यामुळे पुढचा वेढा आधीच्या वेढ्यावर पडत नाही, बाजूला पडतो. आता तू भोपळा फिरव."

काकूने मांडीवर घेऊन भोपळा फिरवला, मी वेढे घालत गेले. थोड्या वेळाने आम्ही दोघी थांबलो. देठाशी दोरीवर दोरी चढून गाठोडे झाले होते. खाली बुडाशीही तेच. पोटावर मात्र दोन वेढ्यांमध्ये भोपळ्याची तांबूस साल उघडी दिसत होती.

"ही बघ. दोरी जिथून गेली तेवढंच त्याला दिसतं. देठाजवळ राहणाऱ्यांना तो पुन्हा पुन्हा बघतो. पोटावरच्यांच्या वाट्याला फटी येतात."

"आनि आपन कुठं?"

मी पोटाच्या जरा वर बोट टेकवले. बोट सालीवर पडले.

"म्हंजे आपल्याला बघतच नाय तो?" काकूला जरा लागले.

"आज नाही बघत. उद्या वेढे थोडे सरकतात, मग आपण दोरीखाली येतो आणि फट दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जाते. रोजचा नकाशा हा त्या त्या दिवसापुरता. त्यात फट राहायचीच."

काकूने दोरी उलगडून पुन्हा गुंडाळली. "एवढ्या उंच चढून बसला, तरी सगळं दिसत नाय बिचाऱ्याला," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात उपग्रहाला 'बिचारा' हे नाव पडले. काका त्या वेळी मळ्यात होते. पुढे जे घडले ते यामुळेच, असे काकू नंतर अनेक वर्षे म्हणत राहिली.

त्या आठवड्यात, दीर येऊन गेल्यानंतर, आभाळ बिनसले. पाऊस नव्हता, पण उन्हावर मलमल ओढल्यासारखी झाली. सकाळी केळीच्या पानांवरचे दव लवकर उडेना. दोरीवरचे लुगडे संध्याकाळीही हाताला थंड लागे. समुद्रात कुठेतरी काहीतरी शिजत होते. काकूने केळी मांडवावरून उतरवली, सुक्या पानांत गुंडाळून चुलीमागच्या उबेला ठेवली, आणि मला म्हणाली, "तुझ्या बिचाऱ्याला विचारून ये. त्याचं चित्र घेऊन ये."

चुकलेल्या, खाडाखोड झालेल्या तक्त्यांची आमच्याकडे रद्दी होत असे. बाई ती मला खुशाल नेऊ देत आणि मी त्यांच्या पाठीवर कविता उतरवी. शुक्रवारच्या तक्त्याचा एक कच्चा कागद मी तसाच घरी आणला. त्यावर दोन्ही अंगांना जांभळ्या चौकटी दाटल्या होत्या, आणि नेमकी आमच्या किनाऱ्यावरून, वेळूचे लांब पान ठेवावे तशी, पांढरी पट्टी गेली होती.

"आज आपण फटीत आहोत," कागदाची घडी न उलगडताच मी काकूला म्हटले. "उद्याचा आला की कळेल."

"मग उद्या केळी आतच," काकू म्हणाली. कागद देवळीत ठेवून आम्ही जेवायला बसलो.

शनिवारी अर्धा दिवस कचेरी असे. दुपार व्हायच्या आत नवे आकडे आले. आज वेढा आमच्यावरून गेला होता. काल जिथे नऊच नऊ होते तिथे भराभर खरे आकडे उमटलेले पाहून मला आधी नुसता आनंद झाला. आपले घर उपग्रहाला दिसले, या कल्पनेने बोटे शहारली. मग मी आकडे वाचले. जांभळी पेन्सिल घेतली आणि दमणपासून खाली रत्नागिरीपर्यंत एकेक चौकट भरत गेले. कालची पांढरी पट्टी सरकून समुद्रात जाऊन पडली होती.

"तुमच्याकडे आज छत्री लागणार," बाई माझ्या खांद्यावरून पाहत म्हणाल्या.

मी निश्चिंत होते. केळी आत होती.

नालासोपाऱ्याला उतरले आणि पुलावर चढले तेव्हा वारा खारट आणि कोमट होता. पुलाच्या मध्यावर उभी राहून मी दोन्हीकडे पाहिले. पश्चिमेला, आमच्या बाजूला, जांभळ्या पेन्सिलीचे टोक मोडेपर्यंत घासावे तसे आभाळ झाले होते. आणि पूर्वेला, तुळिंजच्या नव्या इमारतींच्या गच्च्यांवर, स्वच्छ पिवळे ऊन पसरले होते. तिथे वाळत घातलेल्या चादरी डोळे दिपतील इतक्या पांढऱ्या दिसत होत्या. स्टेशनच्या रुळांनी आभाळाचीही वाटणी केली असावी.

वाडीच्या आगळीपाशी पोचले आणि थबकले. मांडव भरलेला होता. सगळी केळी, एकूण एक, काळ्या आभाळाखाली ओळीने निजली होती. मांडवापाशी काका कमरेवर हात ठेवून, फार समाधानाने उभे होते.

"काका! ही बाहेर कुणी काढली?"

"मी," काका म्हणाले. "बाय, तुझा कागद बघितला मी. सगळीकडं जांभळं, आनि आपल्यावर? पांढरं! देवानं चुन्याचं बोट ओढलंय आपल्यावरून."

आता चुन्याची गोष्ट सांगायला हवी. आमच्या पानमळ्यात पाणी सरीसरीने फिरवत. ज्या सरीला पाणी पोचले तिच्या तोंडाशी रोवलेल्या खुंटाला काका कमरेच्या चंचीतून चुना काढून एक बोट लावत. पांढरे बोट दिसले की तिकडे पुन्हा वळायचे नाही. तिथले काम झाले, काळजी मिटली. घरातही तेच चाले. आंब्याच्या लोणच्याची जी बरणी हलवून झाली तिच्यावर चुना, जे पोते उन्हात घालून आणले त्याच्यावर चुना. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पांढऱ्याचा एवढा एकच अर्थ पाहिला, त्याने देवळीतला कागद उघडून आपल्या गावावर पांढरी रेघ पाहिली, तर त्याने दुसरे काय करावे?

"काका, पांढरं म्हणजे चांगलं नाही. पांढरं म्हणजे ठाऊक नाही."

"ठाऊक नाय तर तसं लिहावं मानसानं," काका म्हणाले. "पांढरं कशाला सोडायचं?"

काकू पडवीतून बाहेर आली. माझा चेहरा पाहून तिने आभाळाकडे पाहिले, मग काकांकडे. "तुम्ही म्हनालात म्हनून मी काढली."

"काकू, तुला मी भोपळ्यावर दाखवलं होतं ना!"

"भोपळ्यात फट व्हती ते मला ठाऊक. पन ती तांबडी व्हती! फट पांढरी असते हे कोन बोललं मला?"

तेवढ्यात आगळ वाजली आणि कळंबची मावशी आत आली. ती रोज आमच्याकडे मासळी घेऊन येई. आज टोपली रिकामी होती आणि ती पदराने कपाळ पुसत होती. तिने मांडव पाहिला आणि टोपलीच खाली ठेवली.

"आगो वयनी, ह्ये काय? केळ्यांची आंघोल हाय काय आज?"

"तुजं बोंबील कुठं?" काकूने विचारले.

"सुकत घातलेलं सकाललाच उचललं. किनाऱ्याव पानी पडाय लागलं! तुमच्या हितं दादांनी वरदी दिली वाटतं पावसाला, की येऊ नको?"

"कागदावर पांढरं व्हतं," काका म्हणाले, पण आता जरा हळू.

"कागूद कुटला?"

"उपग्रहाचा."

"मंग केळी बी त्यालाच खाया घाला," मावशी म्हणाली आणि पदर खोचून मांडवाशी आली. आम्ही चौघेही गोळा करू लागलो. केळी हाताला गार आणि किंचित ओलसर लागत होती, झोपेतून उठवलेल्या लेकराच्या गालासारखी. काकू प्रत्येक केळे नाकाशी नेत होती. आंबूस वास अजून नव्हता. पण चेहऱ्यावरचा रंग उतरला होता तिचा.

"आजचं ऊन गेलं," ती म्हणाली. "उद्या रात्री गाडी. ओली पाठवली तर वाटेत बुरशी येईल. नाय पाठवली तर..." नागपूरची ती न जेवणारी मुलगी आम्हा सगळ्यांच्या मध्ये येऊन उभी राहिल्यासारखे झाले.

"चुलीवर धुरी देऊन?" काकांनी सुचवले.

"धुराचा वास तिला सोसंल?"

मला पुलावरून दिसलेल्या चादरी आठवल्या. "तुळिंजला ऊन आहे," मी म्हटले.

तिघांनी माझ्याकडे पाहिले.

"हे बी कागदावर?" काकांनी विचारले.

"नाही. डोळ्यांनी पाहिलं, आत्ता, पुलावरून. आपलं ऊन गेलं, तर शेजारचं उसनं घेऊ. आत्याची गच्ची आहे."

काकांची बहीण, म्हणजे माझी आत्या, तुळिंजला नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला गेली होती. एरवी काका त्या घराला 'खुराडे' म्हणत. आता ते तडक बैल जोडायला गेले. कारवीच्या चटया गाडीत आडव्या लावल्या, त्यांवर केळी, केळ्यांवर कोरडी पाने, आणि पानांवर घरातली एकुलती छत्री उघडून काकू. मी मागे बसले. "दादा, उनाला माजा बी निरोप सांगा," मावशी ओरडली. कोपऱ्यावर वळलो तेव्हा पहिला टपोरा थेंब माझ्या मनगटावर पडला. रस्त्याच्या धुळीला त्या थेंबांनी भाजल्यासारखा वास सुटला. बैलांच्या घंटा, छत्रीवरची टपटप आणि काकूचे "हाका वो, हाका!" यांचा एक वेडावाकडा ठेका धरून आमची गाडी उन्हाच्या शोधात निघाली. मी आजवर लिहिलेल्या कुठल्याही ओळीपेक्षा तो मला जिवंत वाटला.

फाटक बंद होते. लांबलचक मालगाडी जात होती आणि तिच्या डब्यांच्या फटींतून पलीकडचे ऊन लुकलुकत होते. डबा, ऊन, डबा, ऊन. काका ते पाहत बसले होते. शेवटचा डबा गेल्यावर ते स्वतःशीच म्हणाले, "असा बघतो व्हय तो. आता कळलं."

फाटक उघडले. रूळ ओलांडले तसा छत्रीवरचा आवाज विरळ झाला, थांबला, आणि तुळिंजच्या बाजारात शिरताना बैलांच्या पाठी उन्हात चकाकू लागल्या.

आत्याच्या गच्चीवर चटया पसरल्या तेव्हा सिमेंट तव्यासारखे तापले होते. ऊन खालूनही येत होते आणि वरूनही. काकू उन्हात मांडी घालून बसली आणि एकेका केळ्याची कूस बदलू लागली. आत्या चहा घेऊन आली. "वहिनी, घर घेतल्याला वर्ष झालं, तुम्ही आज आलात. तेही केळ्यांना घेऊन!"

"आले ना!" काकू केळ्यावरची नजर न काढता म्हणाली. "मग बोलू नको. ऊन अडवतेस."

शेजारच्या बिऱ्हाडातली एक तरुण बाई चादरी काढायला आली. मुंबईहून नव्याने राहायला आलेली. नाक वर करून तिने वास घेतला. "काय मस्त स्मेल येतोय! मावशी, ये कोणती मिठाई? एक टेस्ट करू?"

"नाय," काका म्हणाले. त्या एका शब्दात त्यांची स्वतःची सारी आशाही दाबलेली होती. "आधी लेकीला."

"मग मी चादरी उद्या घालते, जागा घ्या तुम्ही," ती म्हणाली, आणि दोरीखालचा अख्खा कोपरा आम्हाला मिळाला. थोड्या वेळाने तीही चटईपाशी उकिडवी बसली आणि काकूचे पाहून केळी परतू लागली. पश्चिमेकडे आमची वाडी पावसाच्या राखी पडद्याआड होती. इथे उन्हाने माझी मान चुरचुरत होती. सूर्य उतरू लागला तशी प्रत्येक केळ्याला सोनेरी कड आली. काकूने एक उचलले, वाकवून पाहिले, बोटाला चिकटते का ते पाहिले, आणि सूर्यासमोर धरले. ते पेटले.

"हे झालं," ती म्हणाली.

सगळी झाली नव्हती. काकूने तिथेच बसून निवड केली. झालेली एका बाजूला, राहिलेली दुसऱ्या. झालेल्यांचा ढीग लहान होता आणि काका दर वेळी एखादे राहिलेले केळे हळूच तिकडे सरकवत, काकू ते मुकाट्याने परत आणी. शेवटी एकच पुडके बांधण्याइतकी निघाली. सुक्या पानांत ती लपेटून, सोपटाच्या दोरीने आवळून, काकूने ती रात्र आत्याकडेच उशाशी घेऊन काढली.

रविवारी दीर आला. त्याने पुडके हातावर तोलले. "एवढीच?"

"एवढीच झाली," काकू म्हणाली. "जी झाली नाय ती झाली म्हनून कशी देऊ?"

"वाटेत वास आला," काकांनी त्याला बजावले, "तर तोंड खिडकीकडं करायचं."

त्यानंतरचे दिवस काकूने फार वाईट काढले. पाऊस एका दिवसात उलगडून गेला, ऊन परत आले, मांडवावर राहिलेली केळी पुन्हा आकसू लागली. पण ती त्यांच्याकडे पाहीना. पोचली असतील का, वाटेत ओलावली असतील का, पोटात राहिली असतील का. मी कचेरीतून आले की विचारी, "आज बिचारा नागपुरावरून गेला?" गेला होता, मी सांगे, हवा कोरडी होती. तेवढ्यावर तिचे कसेबसे जेवण होई.

एका दुपारी नाक्यावरच्या वाण्याचा माणूस धावत आला. त्यांच्या दुकानात टेलिफोन होता, आणि नागपूरहून आमच्यासाठी ट्रंक कॉल होता. काकू हातातले पीठ न धुता निघाली. काका आणि मी तिच्या मागे. दुकानात गुळाचा आणि रॉकेलचा वास कोंडला होता. वाण्याने रिसीव्हर तिच्या हाती दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"बोल गो, बाय! मिळाली? खराब नाय ना झाली?"

पलीकडून काहीच ऐकू आले नाही. काकूचा चेहरा ताणला गेला. "अगो बोल ना! लाईन हाय का गेली?"

मग मी कान जवळ नेला. लाईन होती. तारेच्या खरखरीतून, इतक्या दूरवरून, हळू, चिकट, सावकाश चावण्याचा आवाज येत होता. मग अर्धवट भरल्या तोंडाने माझी बहीण म्हणाली, "आई, थांब गं. तोंडात आहे."

"काय म्हनते?" काकांनी विचारले. "काय म्हनते ती?"

काकूने पिठाचे बोट ओठांवर ठेवून त्यांना गप्प केले, आणि रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून ती ऐकत राहिली.